पाण्याकाठचे अंगण

माझ्या भाच्याने मावळात एका धरणाच्या पाण्याकाठी जमिनीचा तुकडा घेतला आहे. गेल्या वैशाखात तो घराचा नकाशा घेऊन आमच्याकडे आला आणि चहा येण्यापूर्वीच त्याने तो जेवणाच्या टेबलावर पसरला. नकाशात घर थोडे आणि घराबाहेरचेच पुष्कळ होते. पाण्याच्या अंगाला लाकडी फळ्यांचा ऐसपैस मंच, त्याला तो 'डेक' म्हणत होता. त्याच्या पाठीमागे फरसबंद चौक, तो 'पॅटिओ'. मग उतारावर हिरवळ, हिरवळीच्या टोकाला बाक, आणि या सगळ्याला तिन्ही बाजूंनी वेढून पाण्यापर्यंत उतरलेली दगडी भिंत.

"मामा, तुम्ही ते लंकेतलं घर पाहून आला आहात ना? मग यात काय चुकलंय ते सांगा," तो म्हणाला.

मी वास्तुशास्त्रज्ञ नव्हे. मी शाळेत इतिहास शिकवला, आणि नकाशे वाचायची जी काही सवय आहे ती लढायांचे नकाशे वाचायची. तथापि भाच्याचा प्रश्न मला टाळता येईना. लंकेतले ते घर पाहून मला तीन वर्षे झाली होती, पण तेथे ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानांतून गेलेला नव्हता. त्याची हकिगत पुढे येईलच.

डेक आणि पॅटिओ हे शब्द परके खरे, पण वस्तू मला परक्या वाटल्या नाहीत. माझे आजोळ कोकणातले. तेथे अंगणाला खळे म्हणत. खळे, पडवी, ओटी, माजघर आणि मागचे परसू अशी घराची उतरंड असे, आणि प्रत्येक पायरीवर कोणी कोठवर यावे हे ठरलेले असे. भिक्षुक ओटीवर येई, पाहुणा झोपाळ्यावर बसे, आणि कुळे खळ्यातच उकिडवी बसत. ओटीची पायरी त्यांनी चढू नये असे कोणी कोठे लिहून ठेवले नव्हते. लिहून ठेवण्याची गरजच नव्हती, दगडाच्या तीन पायऱ्या ते काम बिनबोभाट करीत होत्या. अंगणाची आखणी म्हणजे केवळ बसण्याउठण्याची सोय नव्हे, हे मला तेव्हा कळत नव्हते. मला तेथे फक्त गोट्या खेळायच्या असत.

आता लंकेकडे वळतो. कोलंबोहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर गेले की बेन्तोटा लागते. तेथून थोडे आत वळले की देद्दुवा नावाचे विस्तीर्ण तळे आहे आणि त्या तळ्यात घुसलेल्या एका भूशिरावर 'लुनुगंगा' ही वाडी आहे. लुनु म्हणजे मीठ. आपल्या लोणच्यात जे 'लोण' दडले आहे तेच हे. सिंहली भाषा आपल्या भाषांची दूरदेशी गेलेली बहीण असल्यामुळे असे शब्द वाटेत भेटतात आणि परदेशातही माणसाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. गंगा म्हणजे अर्थातच नदी. खारी नदी.

या भूशिराचा इतिहास म्हणजे लंकेचा चारशे वर्षांचा इतिहासच थोडक्यात. पोर्तुगीज आले ते दालचिनीच्या वासावर. १६५८ पर्यंत डचांनी त्यांना पुरते हुसकावले आणि दालचिनीची मक्तेदारी आपल्या हाती घेतली. लुनुगंगेच्या जागीही डचांच्या अमदानीत दालचिनीच होती, आणि तेथल्या एका टेकडीला अजून 'दालचिनीची टेकडी' म्हणतात. १७९६ मध्ये इंग्रज आले. १८७६ साली हेन्री विकमने ब्राझीलमधून रबराचे बी लंडनच्या क्यू उद्यानात आणले आणि त्याच वर्षी त्याची रोपे सिलोनला रवाना झाली. मग दालचिनी गेली, रबर आले. रबराच्या मळ्यात झाडे ओळीने उभी असतात आणि चीक काढणारा माणूस एका खोडाकडून दुसऱ्या खोडाकडे जातो. त्याला तळे दिसत नाही, आणि मालकाला दिसण्याचे कारण नसते. तळे काही चीक देत नाही!

हा मळा जेफ्री बावा या तरुण वकिलाने १९४८ साली विकत घेतला. सिलोन स्वतंत्र झाले तेही त्याच वर्षी. बावांचा जन्म १९१९ चा. वडील कोलंबोतले नामांकित वकील, त्यांच्या रक्तात मुसलमान आणि इंग्रज अशी दोन्ही घराणी. आई बर्गर समाजातली. मुलाने केंब्रिजला इंग्रजी साहित्य वाचले, लंडनला बॅरिस्टरी केली आणि कोलंबोला परत येऊन कचेरीत बसून पाहिले. १९४६ मध्ये आई वारली. तेव्हा हा गृहस्थ वकिली सोडून जगप्रवासाला निघाला आणि फिरत फिरत इटलीत गार्दा सरोवराच्या काठी येऊन थबकला. तेथे एक बंगला घ्यावा आणि जन्म काढावा असा त्याचा बेत होता. तो बेत फसला. माझ्या मते लंकेच्या वास्तुकलेवर त्या फसलेल्या सौद्याचे उपकार आहेत, कारण बावा घरी परतले ते गार्दाचे तळे डोळ्यांत घेऊनच, आणि रबराच्या मळ्यामागे दडलेले आपले तळे त्यांना दिसले.

मौज अशी की तेव्हा त्यांना बांधकामातले काही कळत नव्हते. मनात असलेले अंगण जमिनीवर उतरवता येईना म्हणून ते कोलंबोच्या एका वास्तुविशारदाच्या हाताखाली राहिले आणि मग पुन्हा लंडनला जाऊन शिकले. १९५७ साली पदवी मिळाली तेव्हा वय अडतीस. पुढे त्यांनी पुष्कळ हॉटेले आणि घरे बांधली. कोट्टे येथील दलदल उपसून केलेल्या तळ्यात लंकेची संसद उभारली, ती १९८२ मध्ये पुरी झाली. पण हे सगळे मागाहून. आधी अंगण, मग विद्या.

लंकेला पाण्याकाठच्या अंगणाची हौस आजची नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. अनुराधपुरात तिसावेव तलावाच्या बांधाखाली राजांचे 'रन्मसु उयन' हे उद्यान आहे. तलावाचे पाणी दगडी नळांनी तेथल्या कुंडांत आणले होते आणि कुंडाकाठच्या खडकावर कमळांत डुंबणारे हत्ती कोरलेले आहेत. पाचव्या शतकाच्या अखेरीस कश्यप राजाने सिगिरीच्या पायथ्याशी जी जलोद्याने रचली, त्यांतली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात. पंधराशे वर्षांपूर्वीची पाण्याची वाट न तुंबता चालावी याचा, महापालिकेचे नळ पाहिलेल्या माणसाला, हेवाच वाटतो.

लुनुगंगेत मी गेलो तो मनात महालाची कल्पना घेऊन, आणि पहिल्या पाच मिनिटांत थोडा निराशच झालो. घर बैठे, कौलारू, पांढरे. असली घरे आपल्याकडे रत्नागिरीत पैशाला पासरी मिळतील. मग बाग दाखवणाऱ्या मुलाने मला उत्तरेकडच्या अंगणात नेऊन उभे केले आणि तो गप्प राहिला. खाली तळे होते. घर तळ्याला जाऊन भिडत नव्हते, ते टेकडीवरच थांबले होते. पाणी आणि घर यांच्यामध्ये एक मोकळी जागा, तिच्यात एकच चाफ्याचे झाड. आपल्या देवळापुढे असतो तोच हा पांढरा चाफा, पण याच्या फांद्या आडव्या पसरून जमिनीकडे झुकलेल्या. झाड कोवळे असताना बावांनी त्याच्या फांद्यांना वजने टांगली होती. वर्षानुवर्षे ती वजने फांद्यांना हवी तशी वाकवत राहिली. आज वजने नाहीत, वाक आहे.

त्यांनी काय बांधले यापेक्षा काय काढले हे पाहावे. पहिल्याने रबराची झाडे काढली, तेव्हा तळे दिसू लागले. घराकडे येणारी वाट फिरवून प्रवेश दुसऱ्या अंगाला नेला, म्हणजे तळ्याच्या बाजूचे अंगण गाड्यांपासून सुटले. दक्षिणेला दालचिनीची टेकडी आड येत होती. तिचा माथा तासून खाली आणला, तेव्हा पलीकडचे पाणी आणि त्याच्याही पलीकडे कटकुलिय विहाराचा पांढरा स्तूप नजरेत आला. आणि मग या सगळ्या दृश्यात त्यांनी भर घातली ती काय, तर टेकडीवरच्या एका झाडाखाली ठेवलेला एक मोठा चिनी रांजण. नजर घरातून निघते, रांजणाशी विसावा घेते आणि मग पाण्यावरून स्तूपापर्यंत जाते. रांजण उचलला तर स्तूप दूरचा वाटेल. ते झाड कोणते म्हणून मी विचारले. मुलगा म्हणाला, मूनमल. मी जवळ जाऊन खाली पडलेले फूल उचलले, तो आपली बकुळ! वास घेतला आणि आजोळ आठवले.

अशी पन्नास वर्षे ते हे करीत राहिले. आठवडाभर कोलंबोला काम आणि सुट्टीला येथे. न्याहारीची जागा वेगळी, दुपारच्या चहाची वेगळी, सूर्यास्ताची वेगळी, आणि प्रत्येक जागेपाशी एक घंटा टांगलेली. घंटांचे नाद निरनिराळे असल्यामुळे साहेब कोठे बसले आहेत हे नोकराला स्वयंपाकघरातूनच कळे आणि तो तबक घेऊन नेमका तेथे जाई. मुलाने मला एक घंटा वाजवून दाखवली. नाद सुरेख होता. पण मला मात्र तबक घेऊन टेकड्या चढणाऱ्या त्या माणसाचे पाय दिसू लागले. टेकडीचा माथाही काही आपण होऊन खाली बसला नसेल, त्याची माती कोणीतरी वाहिली असणार. सुंदर जागी असले विचार करू नयेत, असे आमची मंडळी मला नेहमी सांगते.

आता तो आवाज. घराच्या दक्षिणेला उभा राहून मी रांजणाकडे पाहत होतो. माझ्यापासून त्या टेकडीपर्यंत हिरवळीचा एकसंध उतार पसरला होता, मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, माणूस नाही. आणि एकाएकी त्या हिरवळीच्या पोटातून मुलांचे हसणे ऐकू आले. एक-दोन नव्हे, दहाबारा मुले असावीत. पाठोपाठ सायकलची घंटी वाजली. मी इकडेतिकडे पाहिले, दिसेना कोणीच. मुलगा हसला आणि मला उताराने खाली घेऊन गेला. तेथे जमीन अचानक तुटली होती. खोल चर, आणि चराच्या तळातून जाणारा गावचा रस्ता. पांढऱ्या गणवेशातली पोरे शाळेतून घरी चालली होती. त्यांतल्या एकाने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि हात हलवला. मीही हलवला. पाच पावले मागे सरकलो, तो रस्ता नाही, मुले नाहीत. पुन्हा नुसती हिरवळ, रांजण, स्तूप.

या युक्तीला इंग्रजीत 'हा-हा' म्हणतात. नाव थट्टेचे वाटले तरी खरे आहे. चालता चालता एकदम चर दिसला की माणसाच्या तोंडून जो उद्गार निघतो, तोच तिचे नाव झाला असे सांगतात. अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांना आपल्या हवेलीपासून क्षितिजापर्यंत अखंड कुरण दिसावे असे वाटे, पण गुरे तर बागेत शिरता कामा नयेत. म्हणून कुंपण उभे करण्याऐवजी ते जमिनीत पुरले. एका बाजूने सरळ भिंत, दुसऱ्या बाजूने उतार. गुरे अडतात, नजर अडत नाही. होरेस वॉल्पोलने या कल्पनेचे श्रेय चार्ल्स ब्रिजमन या उद्यानकाराला दिले आहे.

गुरांपुरते ते ठीक होते. पण अखंड दृश्याची चटक एकदा लागली की तिला गुरांवर थांबता येत नाही. डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबी नावाची हवेली आहे. तिचे मालक जोसेफ डेमर, पुढे लॉर्ड मिल्टन झालेले, यांच्या खिडकीतून शेजारचे बाजाराचे गाव दिसे. ते त्यांना खुपू लागले. त्यांनी गावच उठवले. त्या काळचे सर्वांत गाजलेले उद्यानकार, 'केपेबिलिटी' ब्राऊन, त्यांच्या दिमतीला होते. घरे पाडली, तेथे हिरवळ आणि तळे केले, आणि १७८० च्या सुमारास रहिवाशांसाठी हवेलीतून न दिसणाऱ्या एका घळीत नव्या घरांची सारखी रांग बांधून दिली. आज प्रवासी त्या गवताने शाकारलेल्या घरांचे फोटो काढतात. एक वकील म्हणे घर सोडीना. तेव्हा लॉर्डसाहेबांनी तळ्याचे दार उघडून त्याच्या घरात पाणी सोडले, आणि वकिलाने फिर्याद करून ती जिंकली अशी कथा तेथे सांगतात.

बावांनी गाव उठवले नाही. रस्ता खाली घेतला, वापरू दिला. दोहोंत अंतर आहे, आणि मोठे आहे. शिवाय ते मळेवाल्याचे जग त्यांनी निर्माण केले नव्हते, त्यांना ते वारशाने मिळाले होते, आणि चीक देणाऱ्या जमिनीचे त्यांनी जे केले ते पाहायला आज ती पोरेही तिकीट काढून आत जाऊ शकतात. १९९८ मध्ये पक्षाघाताने ते खिळले, २००३ मध्ये वारले, आणि त्यांची रक्षा त्याच दालचिनीच्या टेकडीवर आहे. मी त्या बागेचा भक्त होऊन परत आलो. तरी सुद्धा ते जमिनीतून आलेले हसणे माझ्याबरोबर आले ते आलेच.

भाच्याला मी हे सगळे सांगितले नाही. त्याच्या चहाची वेळ टळली असती. मी एवढेच विचारले, "जागा कोणत्या महिन्यात पाहिलीस?"

"दिवाळीत."

"मग आपण आत्ता जाऊ."

धरणाचे पाणी लंकेतल्या तळ्यासारखे एके जागी बसत नाही, हे कोणाही मावळ्याला ठाऊक आहे. दिवाळीत ते काठोकाठ असते आणि ज्येष्ठ लागेपर्यंत शेतीला, शहराला आणि उन्हाला वाटून संपत येते. आम्ही गेलो तेव्हा भाच्याच्या डेकची जागा पाण्यापासून निदान दोन फर्लांगांवर होती. मध्ये तडकलेला गाळ, त्यावर बगळे. भाचा काही बोलला नाही. बिचाऱ्याने फळ्यांसाठी सागाची चौकशी करून ठेवली होती.

त्याच्या जागेतून एक पायवाट खाली उतरत होती. नकाशात ती तुटक रेघेने दाखवली होती आणि दगडी भिंतीने ती दोनदा छेदली होती. त्या वाटेने एक म्हातारी दोन म्हशी घेऊन आली. आम्हांला पाहून थांबली.

"घर बांधताय व्हय, दादा?"

"हो, मावशी. तुम्ही इथल्याच का?"

"आता वरल्या वाडीतली. आदी हितली." तिने काठी उचलून गाळाकडे दाखवली. "पानी उतरलं म्हून दिसतंय. त्ये दगडाचं जोतं हाय ना, त्ये आमचं. आन् त्याच्या म्होरं सपाट दिसतंया, त्ये आमचं अंगान."

मी चष्मा पुसून पाहिले. चौकोनी जोते स्पष्ट दिसत होते. एका कोपऱ्यात उखळ होते, ते नेणे कोणाला जमले नसावे. म्हशी तोवर पुढे गेल्या होत्या. वाट पाठ असावी त्यांना. म्हातारीही त्यांच्यामागे गेली आणि जोत्यापाशी पोचल्यावर पदराने कपाळ पुसून खुशाल त्याच्यावर बसली. म्हशी पलीकडच्या पाण्यात शिरल्या.

परतताना गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. लोणावळ्यापाशी म्हणाला, "ती वाट सरकारी नाही, मामा. सात-बाऱ्यावर कुठेच नाही."

"नसेल."

"ते लंकेतलं खाली खणलेलं असतं ना, तसं काही..."

"म्हशीला चर उतरवत नाही," मी म्हणालो. हे उत्तर अगदीच खरे नव्हते, उतार नीट ठेवला तर उतरवतो.

भाद्रपदात त्याने नवा नकाशा पाठवला. डेक गेला होता. त्याच्या जागी वर, घराला लागून, एक लांब पडवी आली होती आणि तिच्यापुढे फरशी न घातलेले अंगण. अंगणात एक बारीक वर्तुळ काढून 'बकुळ' असे लिहिले होते. ते त्याला त्याच्या मामीने सांगितले असणार. भिंत अजून होती, पण तुटक रेघ जेथे तिला मिळते तेथे दोन्ही ठिकाणी म्हैस जाईल एवढी फट सोडून त्याने पेन्सिलीने 'फाटक' असे लिहिले होते, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी नकाशा तसाच परत पाठवला, फक्त ते दोन्ही शब्द खोडून. काल त्याचा फोन आला होता. पायाच्या खडीचे भाव काय झालेत हे त्याने पाऊण तास सांगितले. फाटकाचे तो काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.